आनूप देशी जांगल द्रव्ये : कुंडीतील मांसल वनस्पतींची निगा व छाटणी

वैद्याने आपल्या उपयोगाची ताजी द्रव्ये शक्य तेवढी स्वतः लावावीत, हा आग्रह आपल्या परंपरेत जुना आहे. जागेच्या अभावी आज तो बहुधा कुंड्यांपुरता उरला आहे. दवाखान्याच्या ओट्यावर कोरफड, कुंपणाशी थोर, खिडकीच्या गजांवर चढवलेली हाडजोड आणि कोपऱ्यात पानफुटी हे दृश्य आपल्या अनेक सभासदांच्या परिचयाचे असेल. या वनस्पती ‘काहीही न करता वाढतात’ असा समज आहे. पुण्यात, नगरला किंवा सोलापुरात तो बऱ्याच अंशी खराही ठरतो. लोणावळ्यात मात्र तो खोटा ठरतो, हे आम्ही तुंगार्लीत दवाखाना थाटल्यानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात शिकलो. ज्येष्ठात हिरव्यागार असलेल्या कुंड्यांपैकी बहुतेक भाद्रपद सरेपर्यंत बुडाशी कुजून आडव्या झाल्या होत्या. त्यांना आम्ही कधी तहानेने मरू दिले नव्हते; त्या अतिजलाने गेल्या. त्यानंतरच्या वर्षांत अनुभवाने जे हाती लागले, ते शास्त्रवचनांच्या आधारे येथे मांडत आहोत.

देशविचार

चरकाचार्यांनी जांगल, आनूप व साधारण असे देशाचे तीन प्रकार सांगितले आहेत. ज्या वनस्पती आपल्या पानांत वा कांडात जलसंचय करून राहतात, त्या स्वभावतः जांगल देशाच्या. अल्प पर्जन्य, प्रखर ऊन, मोकळा वारा व निचऱ्याची जमीन ही त्यांची गरज. तुंगार्ली समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर, बोरघाटाच्या माथ्याजवळ आहे. लोणावळ्याचे वार्षिक पर्जन्यमान सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक, तर रेल्वेने दीड-दोन तासांवरील पुण्याचे सुमारे सातशे. त्यात तलावाच्या अंगाने येणारे धुके आणि दिवसचे दिवस न दिसणारा सूर्य. पावसाळ्याचे चार महिने आमचा परिसर आनूपच होय.

तेव्हा येथे मांसल वनस्पतीची कुंडी म्हणजे आनूप देशात उभा केलेला हातभर जांगल देश, असे आम्ही मानतो. माती, पाणी, स्थान व छाटणी यांविषयीचे पुढील सर्व नियम या एका विचारातून निघतात.

द्रव्यपरिचय : आधी ओळख, मग कुंडी

कुमारी, स्नुही व अस्थिशृंखला ही तिन्ही द्रव्ये भावप्रकाशात गुडूच्यादि वर्गात आली आहेत. रोपवाटिकेतून आणताना या प्रत्येकाच्या बाबतीत गफलत होऊ शकते.

कुमारी (ॲलो व्हेरा) : घायपाताचे कोवळे रोप अनेकदा कोरफड म्हणून घरी येते. कोरफडीचे पान मोडले असता सहज तुटते व आत पारदर्शक गर दिसतो. घायपाताचे पान तंतुमय असते, ओढले असता धागे निघतात आणि त्याच्या रसाने त्वचेचा दाह होतो. कोरफडीच्या शोभेच्या जातीही पुष्कळ आहेत. औषधी कुमारीचा फुलोरा बहुधा पिवळा असतो. नारिंगी वा लाल फुलोरा आल्यास ओळख पुन्हा तपासावी.

स्नुही (युफोर्बिया नेरिफोलिया, थोर, वई निवडुंग) : ‘निवडुंग’ हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरला जातो. फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, त्याला दूध नसते. तो स्नुही नव्हे. त्रिधारी निवडुंग व शेर यांना दूध असते, तरी त्या युफोर्बियाच्या निराळ्या जाती आहेत. स्नुहीच्या कांडावर सर्पिल रांगांत उंचवटे असून त्यांवर काट्यांच्या जोड्या असतात आणि शेंड्याला जाड, मांसल पाने येतात. चरकाचार्यांनीही अल्पकंटक व बहुकंटक असे दोन भेद सांगून बहुकंटक श्रेष्ठ मानला आहे.

अस्थिशृंखला (सिसस क्वाड्रँग्युलॅरिस, हाडजोड) : चार धारांचे, पेऱ्यापेऱ्यांचे कांड असल्याने हिची ओळख सोपी आहे. तरीही जुने, काष्ठमय झालेले कांड गोल दिसू लागते. संग्रह कोवळ्या-मध्यम पेऱ्यांचाच करावा.

पर्णबीज (कॅलँको पिनाटा, पानफुटी) : काही भागांत हिला पाषाणभेद समजून वापरतात. आयुर्वेदीय औषधकोशाने पाषाणभेद म्हणून हिमालयातील बर्जेनिया स्वीकारली आहे, हे औषधालयांनी विसरू नये. कॅलँकोच्या शोभेच्या अनेक जाती हल्ली बाजारात आहेत. या कुळात हृदयावर कार्य करणारी द्रव्ये असतात व ती चरल्याने गुरांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ओळख न पटलेली पानफुटी पोटात देऊ नये. हृद्रोगी व गर्भिणी यांना तर ओळख पटलेलीही जपून.

ओळखीवर एवढा भर देण्यास कारण आहे. २०२१ मध्ये मुंबईतील यकृततज्ज्ञांनी गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतविकार झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती टिनोस्पोरा क्रिस्पा ही दुसरी जात असू शकते, असा आक्षेप आयुष मंत्रालयाने घेतला. त्या वादाचे काहीही होवो, रुग्णाने नेमके काय घेतले हे खात्रीने सांगता न येणे ही आपल्या सर्वांची उणीव ठरते. दारातील कुंडीबाबत तरी ती राहू नये.

कुंडी, मृत्तिका व स्थान

कुंडी मातीची, भाजलेली, रंग न दिलेली घ्यावी. तिच्या भिंतींतून ओल बाहेर जाते. प्लॅस्टिकची कुंडी आमच्याकडे पावसाळ्यात घातकच ठरली. तळाचे छिद्र अंगठा जाईल एवढे असावे व त्यावर खापर पालथे ठेवावे. कुंडी जमिनीवर न ठेवता दोन विटांवर ठेवावी, म्हणजे छिद्र मोकळे राहते. रोपापेक्षा फार मोठी कुंडी घेऊ नये. मुळे न पोहोचलेली माती ओलीच राहते. पूर्ण वाढलेल्या कोरफडीला दहा ते बारा इंची कुंडी पुरते.

माती दोन भाग, भरड वाळू व विटांचा चुरा मिळून दोन भाग, पूर्ण कुजलेले जुने शेणखत एक भाग, आणि त्यात दोन मुठी लोणारी कोळशाचा चुरा असे मिश्रण आम्ही वापरतो. बांधकामाची बारीक वाळू चालत नाही. ती मातीत बसून निचरा बंद करते. रोपवाटिकेतील रोप बहुधा नारळाच्या भुश्शात असते. हा भुसा पाणी धरून ठेवतो, म्हणून रोप आणल्यावर आठवड्याभरात तो झटकून नव्या मिश्रणात लावावे. ओली माती मुठीत दाबून सोडली असता ढेकूळ न राहता फुटली, की मिश्रण योग्य झाले असे समजावे.

पूर्वेचे चार-पाच तासांचे ऊन उत्तम. वैशाखात कोरफडीची पाने तांबूस होऊ लागल्यास दुपारी सावली करावी. मृगापूर्वी सर्व कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली घ्याव्यात. नुसते छप्पर पुरत नाही. घाटमाथ्यावर पाऊस आडवा येतो, म्हणून पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंना झड अडवण्याची सोय हवी. मात्र चारी बाजू बंद केल्यास हवा कोंडून बुरशी येते. पागोळ्यांखाली कुंडी कधीही ठेवू नये. हस्ताचा पाऊस सरल्यावर कुंड्या बाहेर काढाव्यात, पण एकदम भर उन्हात नव्हे. आठ दिवस क्रमाने सवय करावी.

जलविचार

वार ठरवून पाणी घालणे हा या वनस्पतींच्या नाशाचा सर्वांत सोपा मार्ग आहे. बांबूची काडी कुंडीत खोलवर खुपसून काढावी. ती कोरडी निघाली तरच पाणी द्यावे, आणि द्यायचे तेव्हा तळातून बाहेर येईल एवढे द्यावे. आमच्याकडे हेमंत-शिशिरात हे अंतर दहा-बारा दिवसांचे, ग्रीष्मात पाच-सहा दिवसांचे होते. पावसाळ्यात आडोशाला असलेल्या कुंडीस आम्ही प्रायः पाणी देतच नाही. हवेतील ओलच पुरे होते. कोरफडीच्या गाभ्यात पाणी साचू देऊ नये.

थोराची पाने कोरड्या ऋतूत गळतात. हा रोग नव्हे, स्वभाव आहे. पाने गळली म्हणून भरपूर पाणी घातलेले थोर आम्ही स्वतः गमावले आहेत.

छाटणीचा काळ हाच संग्रहाचा काळ

बागकामाच्या दृष्टीने छाटणी आकारासाठी असते. वैद्याच्या दृष्टीने जे छाटले जाते तेच औषधद्रव्य आहे. त्यामुळे छाटणीचा दिवस वनस्पतीच्या व औषधाच्या अशा दोन्ही हिताने ठरावा लागतो.

कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात संग्रहाचा सामान्य नियम येतो : नवीन शाखा व पाने वर्षा व वसंतात, मुळे ग्रीष्मात वा शिशिरात, त्वचा, कंद व क्षीर शरदात. परंतु सुधाकल्पात स्नुहीसाठी विशेष नियम आहे. दोन किंवा तीन वर्षांच्या स्नुहीला शस्त्राने छेद देऊन, विशेषतः शिशिराच्या अखेरीस क्षीर घ्यावे, असे तेथे सांगितले आहे. सामान्य नियमास हा अपवाद का, याचे उत्तर आम्हास कुंडीने दिले. शरदात आमच्याकडे माती अजून ओली असते, पहाटे दव पडते. त्या दिवसांत घेतलेला छेद लवकर सुकत नाही व काळा पडतो. शिशिरांती, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते शिमग्याच्या सुमारास, हवा कोरडी असते. छेद चार-पाच दिवसांत बंद होतो, पुढे नवी फूट येते आणि पावसापूर्वी तिला तीन महिने मिळतात. हा अर्थ आमच्या अनुभवाचा आहे. आचार्यांचा हेतू एवढाच होता असा दावा नाही. पण वचन पाळल्याने वनस्पतीही वाचते, एवढे खात्रीने सांगता येते.

त्याचप्रमाणे वर्षाऋतूत पाने घेण्याचा सामान्य नियम मांसल वनस्पतींना घाटमाथ्यावर लावताना देशाचा विचार करावा. त्या दिवसांत कोरफडीचा गर पाणचट असतो व जखम कुजते. मृगापासून हस्तापर्यंत या कुंड्यांवर शस्त्र चालवू नये, हा आमचा नियम आहे. त्यास एकच अपवाद : कूज. बुंधा मऊ, तपकिरी व दुर्गंधी झाल्यास वाट न पाहता निरोगी भागापर्यंत वर कापत जावे. छेदात तपकिरी वलय दिसेनासे झाले की थांबावे. वाचलेला भाग सावलीत आठवडाभर सुकवून कोरड्या मिश्रणात लावावा. कुजक्या रोपाचा कोणताही अंश औषधात घेऊ नये.

द्रव्यनिहाय पद्धती

शस्त्र धारदार असावे. बोथट सुरीने पेशी चिरडून कूज सुरू होते. प्रत्येक रोपानंतर पाते स्पिरिटने पुसावे. छेदावर कोळशाची वस्त्रगाळ पूड वा हळद दाबावी.

कुमारी : दीड-दोन वर्षांच्या रोपाची सर्वांत खालची, बाहेरची तीन-चार पाने एका वेळी घ्यावीत, मधली आठ-दहा पाने राखावीत. पान बुंध्याशी कापावे. अर्धे पान कापल्यास उरलेला भाग सुकतो व रोप विद्रूप होते. कापलेले पान छेद खाली करून पंधरा मिनिटे उभे ठेवावे. निथळणारा पिवळा, कडू रस व आतील गर ही व्यवहारतः दोन भिन्न द्रव्ये आहेत. पिवळ्या रसात भेदन करणारी द्रव्ये असतात आणि तो आटवूनच काळा बोळ अर्थात कन्यासार होतो, जो रजःप्रवर्तनी वटीत पडतो. गर बाह्य लेपासाठी वा शीत गुणासाठी वापरायचा असल्यास हा रस पूर्ण निथळून पान धुवावे. ‘घरची कोरफड रोज खाते’ असे सांगणाऱ्या रुग्णेस ती पान निथळते का, हे आवर्जून विचारावे. गर्भिणी असल्यास सेवन थांबवावे.

बुंध्याजवळची पिल्ले तीन-चार पानांची व स्वतःची मुळे आलेली झाली की वेगळी करावीत. ती दोन-तीन दिवस सावलीत सुकवून लावावीत आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नये. पिल्ले तशीच ठेवल्यास मातृरोपाची पाने बारीक होतात.

स्नुही : कुंडीत थोर उंच होऊन कलंडतो, म्हणून शिशिरांती शेंडा छाटावा, खालून दोन-तीन फांद्या फुटतात. क्षीर सकाळी, काचेच्या स्वच्छ पात्रात घ्यावे. काम संपल्यावर छेदावर पाण्याचा फवारा मारल्यास स्राव थांबतो. वीतभर लांबीचे तुकडे आठ-दहा दिवस सुकवून लावावेत.

अस्थिशृंखला : दोन-तीन पेऱ्यांचे तुकडे सहज रुजतात. वेल फार घन होऊ दिल्यास आत वारा खेळत नाही व पावसाळ्यात पेरी गळतात. फाल्गुनात एकतृतीयांश भाग मोकळा करावा. ताज्या कांडातील सूक्ष्म स्फटिकांमुळे हाताला व कच्चे चघळल्यास घशाला खाज येते, म्हणून हातमोजे वापरावेत. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. के. एन. उडुपा व सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात भग्नसंधानावर हिचा अभ्यास केला. लाक्षादि गुग्गुळातील तिचे स्थान आपण जाणतोच.

पर्णबीज : शेंडे खुडल्याने रोप भरीव होते. फुलोऱ्यानंतर कांड काष्ठमय होते, तेव्हा वीतभर ठेवून कापावे. पानांच्या कडांवरील खाचांतून नवी रोपे मिळतात. या पानाची एक गंमत वैद्याने स्वतः पाहण्यासारखी आहे. ते सकाळी आंबट, दुपारी जवळजवळ बेचव व सायंकाळी किंचित कडवट लागते. बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात राहून केलेले हे निरीक्षण १८१५ मध्ये इंग्लंडात प्रसिद्ध झाले. या वनस्पती पाणी वाचवण्यासाठी दिवसा पर्णरंध्रे मिटून रात्री उघडतात. रात्री घेतलेला वायू आम्लरूपाने साठतो व दिवसा खर्च होतो, हे त्याचे कारण पुढे उलगडले. संग्रहाची वेळ बदलली की रसही बदलतो. म्हणून वेळ एकच ठेवून ती नोंदवावी.

पिठ्या ढेकूण व खवले कीड दिसल्यास कापसाच्या बोळ्याने पुसून एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल व थोडे रिठ्याचे पाणी मिसळून फवारावे. रासायनिक कीटकनाशक मारलेले रोप औषधासाठी वर्ज्य करावे.

क्षीरापासून सावधानता

चरकाचार्यांनी स्नुहीक्षीरास तीक्ष्ण विरेचनांत अग्रस्थान दिले आहे व त्याच्या अयोग्य वापराच्या धोक्याचा इशाराही दिला आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ई-१ परिशिष्टातील विषद्रव्यांच्या यादीत स्नुही आहे. तरीही छाटणी करताना आपण गाफील राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्यातील सहायकाने चष्मा न घालता थोराचा शेंडा कापला आणि घाम पुसताना बोटावरील क्षीर डोळ्यात गेले. प्रारंभी केवळ चुरचुर होती. घरच्यांनी तूप घालण्याची तयारी केली होती. आम्ही ते थांबवून वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा अर्धा तास धुतला व नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. रात्रीपर्यंत वेदना व अंधुकपणा वाढला. कृष्णमंडलास सूज आली होती. उपचाराने आठवड्याभरात दृष्टी पूर्ववत झाली. त्या दिवशी चष्मा दिला नव्हता, ही चूक आमची होती.

तेव्हापासून नियम असा : बंद चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि शेजारी पाण्याची बादली. डोळ्यात क्षीर गेल्यास तूप, मध, गुलाबजल यांपैकी काहीही न घालता ताबडतोब किमान वीस मिनिटे पाण्याने धुवावे व वेदना नसली तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावे. लक्षणे काही तासांनी वाढतात. मुले खेळतात तेथे थोराची कुंडी ठेवू नये.

औषधालयचालकांसाठी

कुंडीतून औषधालयाची गरज भागणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. कुमार्यासवाच्या पाठात द्रोणभर, म्हणजे सुमारे बारा लिटर कुमारीरस लागतो. तो शेतातूनच यावा. क्षारसूत्राचेही तसेच. बनारस येथे डॉ. पी. जे. देशपांडे व सहकाऱ्यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एकवीस लेपांपैकी पहिले अकरा केवळ स्नुहीक्षीराचे असतात आणि उरलेल्या दहांतही प्रथम अपामार्गक्षारासह व शेवटी हरिद्रेसह स्नुहीक्षीरच लागते. नियमित निर्मितीस कुंपणभर थोर हवेत.

मग कुंडीचे प्रयोजन काय? ती आपला प्रमाण-नमुना आहे. प्रत्येक द्रव्याचे एक मातृरोप पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रातून किंवा आघारकर संशोधन संस्थेतून ओळख पटवून घ्यावे. कुंडीवर नाव, आणल्याचे ठिकाण व तारीख लिहावी. शेजारी एका वहीत छाटणीचा दिनांक, ऋतू, वेळ, घेतलेला भाग, वजन व कोणत्या कल्पासाठी वापरला हे नोंदवावे. व्यापाऱ्याचा माल आला की तो या रोपाशी पडताळावा. त्यामुळे घायपाताच्या पानांची जुडी व भलत्याच निवडुंगाचे क्षीर दारातूनच परत जाते.

उपसंहार

आमच्या ओट्यावर आज कुंड्या पूर्वीपेक्षा कमी आहेत, पण प्रत्येकीवर चिठ्ठी आहे आणि आषाढातही त्या उभ्या असतात. निचऱ्याची माती, झडीपासून आडोसा, काडी कोरडी निघाल्यावरच पाणी, हस्तापर्यंत शस्त्रबंदी आणि स्नुहीला शिशिरांती छेद, एवढ्या गोष्टी पाळल्या की घाटमाथ्यावरही ही द्रव्ये टिकतात. सभासदांनी आपापल्या देशातील, विशेषतः कोकण व महाबळेश्वर भागातील, अनुभव वहीत नोंदवून या अंकांतून मांडावेत. देशानुसार नियम बदलतील, आणि ते कसे बदलतात हेच आपणांस एकमेकांकडून शिकायचे आहे.